दुसरा चरण

"तुझ्या आईला म्हणावं, चटणी संपली असेल तर तसं सांगावं. माणूस वाट बघत बसतो."

अण्णा हे मला म्हणाले. आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर, भाकरीची टोपली घेऊन उभी होती आणि चटणी ताटातच होती. कारळ्याची, सकाळी खलबत्त्यात कुटलेली, वर कच्च्या तेलाची धार. आमच्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली. डाव्या अंगाला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाजी आणि आमटीची वाटी. अण्णांनी भाजी संपवली, आमटी संपवली, भाकरीचा भाजीकडचा अर्धा भाग मोडून खाल्ला आणि चटणीकडचा तसाच ठेवून हात धुवायला उठले. चटणीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"तुझ्या अण्णांना म्हणावं," आई मला म्हणाली, "ताटातलं दिसत नसेल तर चष्मा बदलावा."

मला हसू आलं. साठीकडे झुकलेली दोन माणसं शाळकरी पोरांसारखी कट्टी घेऊन बसली होती आणि मधे निरोप पोचवायला मी. कोल्हापूरच्या कॉलेजात गणित शिकवायचं सोडून मी रजा टाकून विट्याला आले होते ती अण्णांच्या आजारपणासाठी, आणि आल्यापासून माझं मुख्य काम हेच झालं होतं.

आजारपण तरी काय, तर महिन्याभरापूर्वी शाळेच्या पायऱ्यांवर अण्णांना चक्कर आली आणि ते पडले. दवाखान्यात चार दिवस राहिले. रक्तदाब वाढला होता, विश्रांती घ्या, असं सांगून घरी पाठवलं. हात-पाय धड, बोलणं धड, पाढे तर अडीचकीपर्यंत धड. फक्त एक झालं होतं. नेर्लेकर सर, म्हणजे आमचे अण्णा, जन्मात कधी कुणावर डूख धरून न बसलेला माणूस, आईशी बोलेनासे झाले होते.

त्याला कारण होतं, निदान आईला तरी ते पुरेसं वाटत होतं. ज्या दिवशी ते पडले त्याच सकाळी मामांच्या मुलाचा साखरपुडा होता आणि अण्णा दहावीचा जादा तास घ्यायला निघाले होते. आईचा तोल सुटला. "सगळा जन्म त्या मैदानावरच्या फक्कीत घातलात," ती म्हणाली होती, "घरात माणूस आहे की भिंत, तेसुद्धा तुम्हाला दिसत नाही." अण्णा तसेच तासाला गेले, आणि तासाभरानं त्यांना रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं.

"मनात ठेवलंय त्यांनी," आई मला ओट्यापाशी म्हणाली. "मी बोलले की तोंड फिरवतात गं. संध्याकाळी बाकड्यावर चहा घेऊन शेजारी बसते, तर मी नाहीच असं समजून चहा पितात. भांडले असते तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत मला असं कधी कुणी पुसून टाकलं नव्हतं."

बाकडं म्हणजे शाळेतून मोडीत निघालेलं, अण्णांनी आणून अंगणात टाकलेलं. लग्नानंतर ते दोघं रोज संध्याकाळी त्यावर बसत आले होते आणि आई कायम त्यांच्या डाव्या हाताला. त्यालाही कारण होतं. लहानपणी तिचा डावा कान फुटला होता. त्या कानानं तिला ऐकू येत नसे, पण हे घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही असा तिचा ताठा. बायकांत कुणी डाव्या बाजूनं काही बोललं की ती मान डोलवून "हो ना" म्हणायची आणि वेळ मारून न्यायची. यातून एकदा ती हळदीकुंकवात कुणाच्या तरी सासूच्या निंदेला मनापासून दुजोरा देऊन आली होती. अण्णांपाशी मात्र तिला डोलवावं लागत नसे, कारण डावीकडे बसलं की चांगला कान त्यांच्याकडे यायचा.

मी अण्णांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी कशाला रागावू? तीच जवळ येत नाही. परवा समोरून कपडे घेऊन चालली होती, मी हाक मारली, तर मान वळवून निघून गेली." मग चष्मा पुसत म्हणाले, "बरोबरच होतं तिचं. साखरपुड्याला जायला हवं होतं मी. तेवढं तिला सांग."

मी सांगितलं. आई म्हणाली, तोंड आहे ना त्यांना, मग स्वतः येऊन सांगू दे.

त्या आठवड्यात अण्णांनी हट्टच धरला की दहावीचा कोनांचा तास तेच घेणार. हेडमास्तरांनी एका तासाची परवानगी दिली आणि सोबत म्हणून मी गेले. हा तास विट्यात प्रसिद्ध होता. मीही तो शिकले होते, माझ्याआधी माझी मावशीसुद्धा. शिपायाकडून मैदानावर चुन्याच्या फक्कीची भली मोठी अधिकची खूण काढून घ्यायची. एक रेघ क्ष-अक्ष, एक य-अक्ष, मैदानाचे चार चरण. मध्यावर खुंटी आणि खुंटीला दोर. दोराचं दुसरं टोक एका मुलाच्या हातात, तो झाला कोनाचा अंतिम किरण. उजव्या रेघेवरून निघायचं, घड्याळाच्या काट्याच्या उलट चालायचं, आणि सर सांगतील तितके अंश झाले की थांबायचं. बाकीच्यांनी ओरडायचं, कितवा चरण. अण्णा स्वतः खालच्या टोकाला, लिंबाखाली उभे राहायचे, म्हणजे सगळी आकृती फळ्यावर असावी तशी त्यांच्यासमोर.

"आकड्याला भ्यायचं नाही," ते त्या दिवशीही म्हणाले. "हजार अंश सांगितले तरी घाबरू नका. पुऱ्या फेऱ्या वजा करा, उरेल तेवढंच बघा. पोरगं किती भटकलं ते मी विचारत नाही. शेवटी थांबलं कुठं, तेवढं मला सांगा."

दोर नसीम मुल्लाच्या हातात होता. साठ अंश, पहिला चरण. तीनशे, चौथा. मुलं घसा फोडून ओरडत होती. अण्णांच्या चेहऱ्यावर महिन्यानं रंग आला होता आणि मला वाटलं, झालं, माणूस बरा झाला.

"पाचशे दहा!"

मुलांनी तीनशेसाठ वजा केले. नसीम दोर ताणून निघाली. समोरून वर, डावीकडे, खाली अण्णांच्या पुढ्यातून, परत उजवीकडे, ही एक फेरी. मग पुन्हा वर, आणि डावीकडे उतरून ती थांबली. एकशेपन्नास अंश. मुलं ओरडली, "दुसरा!"

अण्णा उजवीकडच्या रेघेकडे बघत उभे होते. बघतच राहिले.

"नसीम? दोर टाकून कुठं गेलीस गं?"

"सर, मी हितंच हाय."

अण्णांनी आवाज ऐकला आणि उजवीकडे, कंपाउंडच्या भिंतीकडे बघितलं. मुलं हसली. सर थट्टा करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नसीमही हसली आणि तिनं दोर हलवून दाखवला.

"हसू नका," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पोरगी कुठं पडली-बिडली नाही ना, बघा कुणीतरी."

मग कुणी हसलं नाही. मी चालत जाऊन नसीमच्या शेजारी उभी राहिले आणि हाक मारली. अण्णांनी पुन्हा भिंतीकडेच मान वळवली आणि म्हणाले, "वैजू, तू तरी बघ." तिथं त्या दुसऱ्या चरणात उभी असताना मला आमचं घर दिसलं. स्वयंपाकघराचं दार अण्णांच्या पाटाच्या डावीकडे होतं. चटणी डावीकडे, भाकरीचा उरलेला भाग डावीकडे, आणि बाकड्यावर आई डावीकडे.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर पाटी ठेवली आणि अक्ष काढायला सांगितले. त्यांनी उभी रेघ काढली, आडवी काढली. आडवी रेघ मध्यापासून निघून फक्त उजवीकडे गेली होती.

"अण्णा, एकशेपन्नास अंशांचा अंतिम किरण कुठल्या चरणात?"

"दुसऱ्या." विचारायच्या आत उत्तर. "हे काय विचारणं झालं?"

"काढून दाखवा."

त्यांनी पेन्सिल उजव्या रेघेवर ठेवली आणि कमान काढत वर नेली. उभ्या रेघेपाशी हात थांबला. ते पाटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाटीकडे.

"पुढं पाटीच नाही, वैजू."

मी त्यांचा डावा हात उचलून पाटीच्या डाव्या अर्ध्या भागावर ठेवला. त्यांना तो हात कुणाचा, हेही पटकन कळलं नाही. मग हळूहळू समजलं. सगळं आयुष्य दुसऱ्यांना समजावून देण्यात गेलेल्या माणसाला समजायला वेळ लागत नाही. ते म्हणाले, "म्हणजे दुसरा गेला आणि तिसरा गेला." बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले आणि मग त्यांनी विचारलं, "इंदू बाकड्यावर कुठल्या बाजूला बसते?"

त्यांना ठाऊक होतं. तरी मी सांगितलं.

मिरजेला नेऊन मोठी तपासणी केली. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती, बरीच आत. त्यामुळे डावीकडचं जग त्यांच्या हिशेबातूनच गेलं होतं. डोळे चांगले होते, पण तिकडे काही आहे असं मनाला वाटतच नव्हतं. डॉक्टर चांगला होता, त्यानं उगीच आशा लावली नाही. कापण्यासारखी गाठ नव्हती. ती वाढणार होती.

आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं, गाठ, डावी बाजू, किती दिवस ते सांगता येत नाही. तिचे हात थांबले.

"म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते?"

"नाही गं."

"मी दिसतच नव्हते त्यांना?"

"नाही."

"देवा, तुझे उपकार," आई म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला बघवेना. दोन-तीन शेंगा तिनं आणखी फोडल्या असतील. मग मी बाकीचं काय सांगितलं ते तिच्यापर्यंत पोचलं आणि ती सूप बाजूला सारून रडायला लागली. रडता रडता म्हणत होती, मीच म्हणाले होते, दिसत नाही म्हणून मीच म्हणाले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात ताट उलटं वाढलं जाऊ लागलं. चटणी, लिंबू, मीठ, सगळं उजवीकडे. अण्णांनी चटणी खाल्ली, बोटं चाटली आणि आईकडे बघून म्हणाले, "महिनाभर उपाशी ठेवलंस की." संध्याकाळी आई बाकड्यावर त्यांच्या उजव्या हाताला बसली. त्यांना ती दिसली. काय आनंद झाला त्यांना! किती बोलले. साखरपुडा, मामा, शाळा, एकातून एक. आणि आई मान डोलवत होती. "हो ना," म्हणत होती. त्या बाजूला बसल्यावर तिचा फुटका कान त्यांच्याकडे आला होता आणि अण्णांचा आवाज तोवर खाली गेला होता. तिला त्यातलं निम्मंशिम्मंच कळत होतं.

हे अण्णांच्याही ध्यानात आलं. ते थांबले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "जा, तुझ्या जागेवर बस. मला दिसत नसलीस तरी मला माहीत आहे. कोन काही बघून ठरवत नाहीत, हिशेबानं ठरवतात."

मग तसंच ठरलं. जेवताना उजवीकडे, बोलताना डावीकडे. ते मधूनच विचारायचे, "इंदू, आहेस ना?" ती डावीकडून म्हणायची, "आहे." ते उजवीकडे बघून हसायचे आणि बोलणं पुढं चालू. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे वेड्यांचं घर वाटलं असेल. मला त्या दिवसांइतकं भरलेलं घर पुन्हा बघायला मिळालं नाही.

मला वाटायचं, एवढा हिशेब शाबूत राहिला तरी पुरे. गाठीनं तोही राहू दिला नाही. दिवाळीनंतर अण्णा खाटेला खिळले. आवाज इतका बारीक झाला की तोंडाशी कान नेल्याशिवाय शब्द कळत नसे. आईनं खाटेच्या डाव्या अंगाला स्टूल टाकलं आणि ती तिथून हलेनाशी झाली. त्यांचा डावा हात तिच्या दोन्ही हातांत असायचा. त्या हाताचा त्यांना पत्ताच नव्हता. "आहेस ना" हे विचारणं मात्र बंद झालं होतं. त्यांना आता डावीकडे काही असतं हेच आठवत नव्हतं.

एका सकाळी मी खाटेच्या उजवीकडे बसून चमच्यानं त्यांना पेज पाजत होते. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. त्यांनी चमचा तोंडानं बाजूला सारला. मी वाकले.

"तुझी आई अजून रागावलीय का?"

"नाही, अण्णा."

"मग येत का नाही? साखरपुड्याला जायला हवं होतं मी. तिला म्हणावं, एकदा येऊन जा."

आईचा चांगला कान त्यांच्या तोंडापासून वीतभर होता. तिनं अक्षर न् अक्षर ऐकलं. तिनं त्यांचा हात अलगद पांघरुणावर ठेवला, उठली, खाटेच्या पायथ्याशी वळसा घालून या बाजूला आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आले मी," ती म्हणाली.

अण्णांच्या डोळ्यांत जे आलं ते मी सांगू शकत नाही. त्यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, तो तिनं धरला. त्यांचे ओठ हलले. मी पेजेची वाटी घेऊन अजून वाकलेलीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आता इथून हलू नकोस."

आईनं मान डोलवली. "हो ना," ती म्हणाली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. बायकांत डोलवायची तशीच मान तिनं डोलवली होती. आणि त्यांचं पुढचं बोलणं तरी चुकू नये म्हणून तिनं लगबगीनं त्यांचा हात सोडला, पायथ्याशी वळसा घातला, परत डावीकडे जाऊन स्टुलावर बसली आणि चांगला कान त्यांच्या तोंडाशी नेला.

अण्णांनी बघितलं ते एवढंच. ती आली, हो म्हणाली आणि निघून गेली.

ते ती उभी होती त्या जागेकडे बघत राहिले. आई वाट बघत होती. तिला इकडे बोलावलं असतं तर ती त्यांना दिसली असती, पण ते काय म्हणतात ते तिला कळलं नसतं, आणि तिकडेच ठेवलं तर कळलं असतं, पण ती त्यांना दिसली नसती. मी त्यांच्याकडे बघत बसले, आता काही बोलतील म्हणून. ते बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

"काय म्हणाले गं मघाशी?" आईनं पलीकडून विचारलं. "मी तिकडे उभी होते तेव्हा?"

"चटणीची आठवण काढत होते."

आईचा चेहरा उजळला. तिनं पदरानं डोळे पुसले, त्यांचा डावा हात पुन्हा आपल्या हातात घेतला आणि थोपटत म्हणाली, "करते हं. आजच ताजी करते." मग मला म्हणाली, "जा, कारळे भाजायला घे. मी इथून हलत नाही."